चेंडू न बघणारे जॉबर

माझे जावई रविवारी संध्याकाळी टीव्हीवर फुटबॉल लावतात आणि खेळ सोडून कोचकडे बघतात. ते एका मोठ्या कंपनीत साहेब लोकांना शिकवतात, की हाताखालच्या माणसांकडून काम कसं करून घ्यायचं. ऑफिस लोअर परळला, काचेच्या इमारतीत. पूर्वी तिथं एका गिरणीचं सूतगोदाम होतं, पण ते त्यांच्या अभ्यासक्रमात नाही.

"नाना, हा बघा. हात बांधून उभा आहे. याला म्हणतात कंट्रोल."

पाच मिनिटांनी गोल बसतो आणि तोच माणूस पाण्याची बाटली लाथाडतो.

"आणि ही पॅशन!"

दुसऱ्या बाजूचा कोच च्युइंगगम चघळत असतो, तो म्हणे थंड डोक्याचा. तिसरा पंचाच्या अंगावर धावून जातो, तो आपल्या पोरांची ढाल. म्हणजे अंगात सूट असला की माणसाने काहीही करावं, त्याला एक चांगलं नाव तयार असतं. परवा त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या वेळी कोच असायचे का हो?"

"असायचे. आमचे कोच चेंडूकडे बघायचे नाहीत."

"मग कुठे बघायचे?"

ते एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या कोचचं नाव लिहीत नाही. नातवंडं अजून परळला आहेत आणि त्यांतली दोन वकील आहेत. आम्ही त्यांना जॉबर म्हणायचो, कारण ते जॉबर होते. गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे जिथं कापड विणतात त्या खात्यात, साठेक साचे त्यांच्या देखरेखीखाली चालायचे. साचा म्हणजे माग. गाव मालवणकडचं, उंची पाच फूट, आणि त्यात टोपीही धरलेली. फुटबॉलला त्यांनी जन्मात पाय लावला नव्हता. पण आमच्या मॅनेजरसाहेबांचा हिशोब सरळ होता. जो साठ साचे सांभाळतो, त्याला अकरा माणसं म्हणजे किस झाड की पत्ती! साहेब इंग्लंडला जाऊन आले होते, त्यामुळे त्यांची चूक कोणी दाखवत नसे.

मी टाइम ऑफिसात कारकून. राहायला दादरला. गिरगावच्या शाळेत असताना उजव्या बगलेवरून बरा पळायचो, एवढ्याच भांडवलावर गिरणीत चिकटलो होतो. संघातले आठ गडी साळखात्यातले. गोलकीपर किसन मात्र त्रासनमधला, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यातला. तोही बदली. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा असला तर आत, नाहीतर घरी.

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची. परळ-लालबागच्या भिंतींवर चुना लावायला जागा उरली नव्हती, सगळीकडे 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. निम्मे सामने हरताळामुळे रद्द व्हायचे. आम्ही त्या काळात फारसे हरलो नाही, याचं खरं श्रेय चळवळीला आहे.

आता मैदानाच्या कडेचे लोक. रेल्वेच्या एका संघाला एक निवृत्त सुभेदार शिकवायचे. काखेत छडी, आणि 'लेफ्ट! लेफ्ट!' असा आवाज की पलीकडच्या रस्त्यावरची टॅक्सी डावीकडे वळावी. त्यांचे गडी इतके शिस्तीचे, की चेंडू आउट गेला तरी ताठ उभे राहायचे. आम्ही तेवढ्यात गोल करायचो. गिरगावच्या एका क्लबाला एक वकीलसाहेब होते. काळा कोट, हातात नियमांचं पुस्तक. पाच गोलांनी हरल्यावरही ते पंचांना पान काढून दाखवायचे, की कायद्याने सामना त्यांनीच जिंकला आहे. मध्यंतरात त्यांचं भाषण सुरू झालं की त्यांचे खेळाडू आमच्याकडे चणे खायला यायचे.

आणि आमचे जॉबर? ते ओरडायचे नाहीत. मैदानाबाहेर त्यांच्या शिव्या भोईवाड्यापर्यंत ऐकू जात, पण सामना सुरू झाला की तोंड बंद. हात मागे बांधून कडेकडेने फेऱ्या मारायचे. साच्यांच्या दोन रांगांमधल्या गल्लीत मारत, अगदी तशाच. चेंडू त्यांच्या पायाशी आला तर ओलांडून पुढे जायचे. एकदा मी विचारलं, "जॉबर, तुम्ही चेंडू का बघत नाही?"

"चेंडू बघूक बावीस गाढवां आसत. साच्यार धोटो धावता, तो बघतंय काय मी? धोटो बघणाऱ्याचो डोळो फुटता. मी माणूस बघतंय."

धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन साच्यात इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. कधीकधी तो सुटून बाहेर उडायचा, आणि खरोखरच डोळे फुटायचे. उत्तरात तथ्य होतं. पण ऑफसाइडचा नियम मात्र त्यांनी कधीच मान्य केला नाही. "पुढे गेलो हा गुन्हो काय?" असं त्यांचं म्हणणं. ते पंचांना पटावं म्हणून एकदा त्यांनी हातवारे केले, तर पंचाला वाटलं त्यांना फिट आली. कांदा आणायला माणूस धावला.

हे हातवारे म्हणजेच त्यांची कोचिंगची पद्धत. साळखात्यात शेकडो साचे एकदम खडखडत. कानाशी तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून विणकर हाताने बोलायचे. मूठ डोक्यावर ठेवली, की साहेब येतोय. छातीवर तळवा, म्हणजे कापडात खोट पडली ती माझी. ही खूण जॉबर लोक इतरांना शिकवतात, स्वतः वापरत नाहीत. आणि सगळ्यांत जास्त चालणारी खूण म्हणजे खांद्यापाशी बोटं फडफडवायची: मी सोडलं, शेजारी बघेल. विणकराला पाणी प्यायला जायचं असलं की तो शेजाऱ्याला ही खूण करायचा. शेजारी हात वर करायचा, आणि त्याचे साचेही आपल्याबरोबर सांभाळायचा.

जॉबरनी ही सगळी भाषा उचलून मैदानावर आणली. मान्य करायला जड जातं, पण ती चालली. सुभेदारांची आज्ञा त्यांच्या गड्यांआधी आम्हालाच ऐकू यायची. आमची आज्ञा कोणालाच कळत नसे. काही दिवस तर मलाही. मग जॉबरनी मला महिनाभर, ड्यूटी संपल्यावर, साळखात्यात उभं केलं. मॅट्रिक झालेला मी, तिथे तोंडात बोट घालून नवी बाराखडी शिकत होतो.

पहिल्या दिवशी किसनही माझ्याबरोबर आला होता. दारातच थांबला. आमचा बॅक धोंडू आतल्या पहिल्या साच्यावर होता. त्याने जॉबरकडे बघितलं. जॉबर किसनला म्हणाले, "तू रव थंयच. गोलकीपराक खुणा कित्याक? तेका हात आसत."

सगळे हसले. मीही हसलो. किसनही थोडा हसला आणि गेला.

कारण सांगायला हवं. धोट्यात नवी कांडी घातली, की सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागायचं, आणि विणकर ते तोंड लावून ओढायचा. शेजाऱ्याचे साचे सांभाळायचे म्हणजे त्याच्या धोट्याला आपलं तोंड. किसन वरळीच्या चाळीतला, घरच्यांबरोबर नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला. त्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला नको, म्हणून साळखात्यात त्याच्या लोकांना साचा मिळत नसे. कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिण्याची गरजच नव्हती, इतकं ते सर्वांना पाठ होतं. मला त्या दिवशी काही वाटलं नाही. आज याची लाज वाटते, पण तेव्हा खरंच काही वाटलं नाही.

त्या मोसमात साहेबांनी जाहीर केलं, की संघ वरच्या गटात गेला तर जे खेळाडू बदली आहेत ते सगळे कायम होतील, आणि खातं ज्याने त्याने आपलं निवडावं. आमच्यात बदली चार जण होते. तिघांना फक्त कायम व्हायचं होतं. चौथा किसन.

पुढे एका मोर्च्यात तो माझ्या शेजारी चालत होता. लालबागपासून माणसंच माणसं. घोषणांनी कान बधिर झाले होते, आणि तेवढ्या गर्दीत साळखात्यातली मंडळी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने निवांत गप्पा मारत होती. धोंडूचा हात किसनच्या गळ्यात होता, किसनच्या हातात झेंडा. मुंबईसह सगळा महाराष्ट्र एक करायला निघालो होतो आम्ही. साळखात्याचं दार तेवढं त्या नकाशात नव्हतं.

"काय बोलतायत रे ते?" किसनने मला विचारलं.

"जॉबर सांगतायत, पुढच्या नाक्यावर पोलिसांची गाडी आहे."

"मला पण शिकव ना त्या खुणा. परवा सामन्यात काही कळत नव्हतं. आणि उद्या साचा मिळाला तर लागतील."

"साचा? अरे, कायम झालास की झालं. खातं कुठलं का असेना."

"माझ्या बापाचा जन्म त्रासनमध्ये गेला. तीस वर्षं साळखात्याच्या दारासमोरून येत-जात होता. मला साचाच पाहिजे." मग जरा थांबून म्हणाला, "शिकवशील?"

"शिकवतो की. त्यात काय!"

शिकवल्या नाहीत. विसरलो असं म्हणता येईल, पण तेही खरं नाही. शिकवायच्या तर कुठे, कोणाच्या देखत, हा विचार मनात यायचा आणि मी दुसऱ्या कामाला लागायचो.

शेवटचा सामना कूपरेजला झाला. समोर सुभेदारांचा संघ. बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या गटात जाणार होतो. गिरणीतून निम्मी पाळी बघायला आलेली. मध्यंतराला एक-एक. जॉबरनी प्रत्येकाच्या हातावर लिंबाची फोड ठेवली आणि त्यांचं नेहमीचं भाषण केलं. ते असं: "झाला तां कापड झाला. आता फुडचा नीट इणा." पलीकडे सुभेदार अजून पहिल्या पाच मिनिटांतल्या चुका मोजत होते.

शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली असतील, अजून एक-एकच. त्यांच्या बगलेच्या गड्याने चेंडू उंच उडवून आमच्या गोलासमोर टाकला. धोंडू आणि दुसरा बॅक, दोघेही डोकं मारायला निघाले. दोघांची टक्कर होणार, हे जॉबरना कडेवरून दिसलं. चेंडू गोलकीपरने धरण्यासारखा होता. त्यांनी खांद्यापाशी बोटं फडफडवली: सोडा, शेजारी बघेल.

साळखात्यातली माणसं ती. खूण दिसली, दोघेही जागच्या जागी थांबले. चेंडू सोडला.

शेजाऱ्याला खूण ठाऊक नव्हती. किसनने दोन बॅक चेंडूवर जाताना पाहिले होते, म्हणून तो रेषेवर थांबला. चेंडू तिघांच्या मध्ये पडला. सुभेदारांचा एक पोरगा आला आणि त्याने तो पायाच्या टोकाने आत ढकलला. शिस्तीत.

"उभा काय राह्यलास मढ्यासारखा?" धोंडू किसनच्या अंगावर धावला. "सोडला होता ना तुझ्यासाठी! खूण दिसली नाय?"

"कसली खूण?" किसन म्हणाला.

धोंडू मान फिरवून आपल्या जागेवर गेला. सामना संपला तेव्हा किसन गोलाच्या खांबाला टेकून बसला होता. त्याच्याकडे कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही. माझ्याकडे तर जायचं कारणही होतं.

गाडी परळला आली. उतरल्यावर जॉबरनी मला बाजूला घेतलं. "टाइमकीपर, तेका खुणा कोणी शिकवूक नाय?"

माझी मान खाली. वाटलं, आता माझ्या कुळाचा उद्धार होणार. पण ते एवढंच म्हणाले, "मीच शिकवूक नाय. दारातसून परत धाडलंय." त्या दिवशी त्यांनी कोणालाही शिवी दिली नाही. आम्ही सगळे घाबरलो.

हरल्यामुळे साहेबांचं आश्वासन तिथंच संपलं, आणि महिन्याअखेर त्यांनी संघही बंद केला. इंग्लंडला असंच करतात म्हणे.

आठवड्याभराने पहिल्या पाळीला मी हजेरीचं पुस्तक घेऊन साळखात्यात गेलो. धोंडूच्या डाव्या हाताच्या साच्यांवर किसन उभा होता. त्या साच्यांचा विणकर गावी गेला होता. बदलीवर कोणाला घ्यायचं, यात जॉबरचा शब्द अजून थोडाफार चालायचा, तो त्यांनी वापरला होता. किसनने कांडी घातली, धोटा तोंडाला लावला, सूत ओढलं. धोंडूने आपला साचा थांबवला. मग त्याच्या पलीकडच्याने. मग समोरच्याने. अर्ध्या खात्याचा खडखडाट थांबला. साळखात्यात पाळी चालू असताना माणसाचा श्वास ऐकू येतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं.

जॉबर गल्लीतून चालत आले. किसनच्या हातातून तोच धोटा घेतला. बाहेर आलेलं सूत तोडलं, टोक आत ढकललं आणि तोंड लावून पुन्हा ओढलं. धोटा परत त्याच्या हातात ठेवला. आता साचे बंद होते, बोलले असते तर सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं असतं. ते बोलले नाहीत. सगळ्यांना दिसेल असा छातीवर तळवा ठेवला. खोट माझी.

मग हात मागे बांधून फेऱ्या सुरू. एकेका साच्यापाशी थांबायचे आणि विणकराच्या तोंडाकडे बघत राहायचे. तो साचा सुरू करेपर्यंत हलायचे नाहीत. काही लगेच सुरू झाले, शेवटच्याला दुपार झाली. धोंडूने केला, पण त्याने उजव्या हाताच्या शेजाऱ्याशी संधान बांधलं. पाण्याला जाताना खूण त्याला करायची, किसनकडे बघायचंही नाही.

जॉबरना हे फुकट पडलं नाही. ते गाववाल्यांच्या खोलीवर राहायचे, वीसेक माणसं, जेवण एकत्र. तिथे त्यांचं ताट वेगळं केलं. पाण्याचा तांब्या वेगळा. माझ्यापाशी म्हणाले, "बरां झाला. आधी भाजी माझ्यापर्यंत येवक नाय, आता माका वेगळी येता." हसले. पण त्यांचे डोळे पाणावलेले मी पाहिले. पंचवीस वर्षं त्या खोलीत काढली होती त्यांनी. तरीही ते रोज पाळीनंतर किसनला खुणा शिकवायचे, खात्याच्या मधोमध उभे राहून. शिव्याही पूर्ववत झाल्या होत्या. किसन म्हणायचा, त्रासनमध्ये बरा होतो.

दोनेक महिने गेले. एक दिवस हजेरी घ्यायला मी आत शिरलो, तर धोंडूच्या उजव्या हाताच्या शेजाऱ्याचा खाडा. त्या साच्यांवर कोणीच नव्हतं. भर उन्हाळा, खात्यात दमट उकाडा. धोंडूने दोनदा उजवीकडे बघितलं. ओठ चाटले. बराच वेळ नुसता कापडाकडे बघत राहिला. मग मान न वळवता, डाव्या खांद्यापाशी बोटं फडफडवली.

किसनने हात वर केला.

धोंडू पाण्याच्या माठाकडे गेला. तो तिथे पोचतो न पोचतो, तोच त्याच्या साच्यावरची कांडी संपली. किसनने साचा थांबवला, नवी कांडी घातली, धोंडूचा धोटा तोंडाला लावून सूत ओढलं आणि साचा सुरू केला. धोंडू हातातला पेला तसाच धरून बघत होता. परत आला. त्याच साच्यावरची कांडी कधी संपते याची वाट बघत तो उभा राहिला, असं मला वाटलं. संपली. त्याने नवी घातली, तोच धोटा हातात घेतला आणि क्षणभर थांबला.

मी जॉबरना शोधलं. ते गल्लीच्या टोकाला उभे होते. धोट्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते धोंडूच्या चेहऱ्याकडे बघत होते.

धोंडूने धोटा तोंडाला लावला आणि सूत ओढलं.